फळं, चीज आणि हातात अर्धा तास

तुमची अडचण मला समजली ती अशी: शनिवारी संध्याकाळी दहा पाहुणे, जेवण नंतर आहेच, त्याआधी फळं आणि चीज वापरून काहीतरी देखणं द्यायचंय. कामावरून आल्यावर हातात जेमतेम अर्धा तास, ओव्हन नाही. मागच्या खेपेला सफरचंद काळं पडलं, क्रॅकर मऊ झाले आणि कलिंगडाच्या ताटात तळं साचलं.

तळ्याचं वाचून हसू आलं, माझ्याकडेही ते बऱ्याचदा साचलंय. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. या प्रकारात कृती अशी काही नसतेच, त्यामुळे चुकते ती कृती नाही. फजिती करतं ते पाणी. फळात पाणी, धुतलेल्या फळावर पाणी, फ्रिजमधून काढलेल्या चीजवर धरलेला दव, वरून मीठ किंवा मध पडला की सुटणारं पाणी. ते कुठून येणार हे ओळखलंत तर निम्मं काम झालं.

आधी प्रकार किती करायचे ते. तीन करा. सात-आठ करायचा मोह होतो, मीही एकदा नऊ केले होते. पाहुणे आले तेव्हा मी टूथपिक टोचत स्वयंपाकघरात उभा, आणि बाहेर लोक एकमेकांना विचारताहेत की यजमान कुठायत. पुढे जेवण असेल तर माणशी चार-पाच घास पुरतात, म्हणजे दहा जणांना पन्नासच्या आत. नुसतं चीजचं ताट लावायचं झालं तर माणशी 50 ग्रॅम चीज धरा. त्यापेक्षा जास्त आणलंत तर पुढचा आठवडा तुम्हीच खात बसाल.

त्या तिनांतला एक प्रकार आदल्या रात्री होणारा, एक अर्ध्या तासात होणारा आणि एक दाराची बेल वाजल्यावर होणारा असावा. हा हिशोब जमला की धांदल उडत नाही.

आदल्या रात्रीचा: खजूर. मोठे, मऊ, मांसल खजूर घ्या. एका बाजूने चीर द्या, बी काढा, आत बकरीच्या दुधाचं मऊ चीज किंवा साधं क्रीम चीज भरा, वर अर्धा अक्रोड दाबा. खजुरात पाणी फार कमी, म्हणून ते रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवले तरी काही बिघडत नाही. अक्रोड मात्र दुसऱ्या दिवशी लावा, नाहीतर तो चिवट होतो. वाढण्याआधी वर मिरपूड आणि किंचित संत्र्याची साल किसून घाला. सालीचा फक्त नारिंगी भाग घ्या, खालचा पांढरा कडू असतो.

क्रीम चीजमध्ये बिनबियांची द्राक्षं घोळवून वर पिस्त्याची भरड लावतात, तेही सुंदर दिसतं. साधारण 40 द्राक्षांना 200 ग्रॅम चीज लागतं. पण द्राक्षं आदल्या दिवशी धुऊन कापडावर पसरून खडखडीत वाळवली नाहीत तर चीज त्यांना धरतच नाही, हातालाच चिकटतं. तुमच्याकडे वेळ कमी आहे, खजूरच करा.

अर्ध्या तासातला: पेअर, ब्लू चीज (निळ्या बुरशीचं चीज), अक्रोड. इटलीत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की पेअरबरोबर चीज किती छान लागतं हे शेतकऱ्याला कळू देऊ नका. जोडीही तशीच आहे. ब्लू चीज खारट आणि तिखटसर, पेअर गोड आणि रसाळ, अक्रोड तुरट आणि कुरकुरीत. गॉर्गोन्झोला या इटालियन ब्लू चीजचा मऊ प्रकार मिळाला तर उत्तम, नाहीतर कुठलंही ब्लू चीज थोड्या क्रीम चीजमध्ये कालवा. ब्लू चीजला नाक मुरडणारे दोघे-तिघे असतातच, कालवल्यावर तेही खातात.

पेअर चार दिवस आधी कडक असतानाच आणा आणि बाहेर ठेवा. ते आतून बाहेर पिकत येतं, म्हणून पोट दाबून काही कळत नाही. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबा, तिथे किंचित दबलं की तयार. मग लगेच फ्रिजमध्ये. पोट मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभ्यापाशी पीठ झालेलं असतं.

आता क्रॅकरचं. क्रॅकर मऊ पडतात कारण त्यांच्यावर ओलं फळ थेट बसतं. आधी चीज कडेपर्यंत पातळ माखा आणि मग फळ ठेवा. चीजमधल्या स्निग्धांशाचा थर पाणी बराच वेळ अडवतो. मी स्वतः मात्र क्रॅकर सोडूनच दिलेत. पेअरचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप हेच माझे क्रॅकर. कापावर चमचाभर चीज, त्यावर अक्रोड, झालं. मऊ पडायला काही उरतच नाही.

पण मग काप काळे पडतात ना? सफरचंद आणि पेअर कापलं की फळातलं एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने आपलं काम सुरू करतं आणि फोड तपकिरी होते. बहुतेक जण लिंबू चोळतात. आंबटपणाने विकर मंदावतं हे खरं, पण ब्लू चीजखाली लिंबाची चव मला खटकते. त्यापेक्षा कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून काप त्यात दहा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यात एकदा बुडवून काढा. खारटपणा जाणवत नाही आणि जाणवलाच तर चीजला तो शोभतो. मग प्रत्येक काप कापडावर दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. ही पायरी गाळलीत तर काळेपणावरच्या उपायानेच पाणी घरात आणलंत असं होईल.

बेल वाजल्यावरचा: कलिंगड, फेटा (खारवलेलं ग्रीक चीज), पुदिना. तुमचं तळं कसं झालं ते सांगतो. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, आणि फेटा मुरतो मिठाच्या पाण्यात. दोन्ही एकमेकांना टेकले की मीठ फळातलं पाणी बाहेर ओढतं. वीस मिनिटांत ताट वाहायला लागतं. यावर युक्ती अशी काही नाही, उशिरा जोडणे हाच उपाय. कलिंगडाचे दोन-अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे दुपारी किंवा सकाळी कापून जाळीच्या भांड्यात निथळत फ्रिजमध्ये ठेवा. फेटाचे तुकडे वेगळ्या डब्यात. फेटा भुगा झालेला नको, पाण्यातली सलग लादी आणा आणि कापण्याआधी टिपून घ्या. पाहुणे आत आले, पाणी दिलं, की कलिंगड-पुदिना-फेटा असं काडीला टोचायचं. पंधरा काड्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत. गप्पा मारणाऱ्या एखाद्या पाहुण्याला बरोबर घ्या, लोकांना हे काम आवडतं.

मध घालायचा असेल तर तो वाटीत वेगळा ठेवा. मीठ जे करतं तेच मधही करतो, फळातलं पाणी ओढतो. आधीच ओतलेला मध दहा मिनिटांत पातळ होऊन ताटाच्या तळाशी जातो.

एक गोष्ट मी फार महागात शिकलो. एकदा किवीच्या चकत्यांवर क्रीम चीजची फुलं काढून सकाळीच तयार ठेवली होती. हिरवं-पांढरं दिसायला अप्रतिम. संध्याकाळी पहिला घास घेतला तो कडू. चीज नासलं म्हणून दुकानाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दोष चीजचा नव्हताच. किवी, अननस, पपई या न शिजवलेल्या फळांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ती दुधातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू लागतात. लगेच खाल्लं तर कळत नाही, तास-दोन तासांत कळतं. म्हणून ही फळं चीजबरोबर द्यायचीच असतील तर ऐन वेळी जोडा. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ती विकरं निकामी झालेली असतात. ताज्या अंजिरातही असंच एक विकर असतं, तेव्हा चीज भरलेलं अंजीरही करून ठेवू नका. ऐन वेळी मात्र जरूर करा: टोकाकडून चार चिरा देऊन खालून दाबलं की फुलासारखं उमलतं, मध्ये बकरीचं चीज, वर मिरपूड.

चीजच्या थंडपणाकडे कुणी लक्ष देत नाही आणि चव तिथेच अडकते. थंड चीजमधला स्निग्धांश घट्ट असतो, वास सुटत नाही, जिभेवर मेणासारखं लागतं. कडक चीज आणि ब्री (पांढऱ्या सालीचं मऊ चीज) वाढण्याआधी तासभर बाहेर काढा, ताजी मऊ चीजं वीस मिनिटं. कापायचं मात्र थंड असतानाच. बकरीच्या चीजची वळकटी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून सुताने किंवा बिनवासाच्या डेंटल फ्लॉसने कापली की चकत्या स्वच्छ पडतात, सुरीला अर्धं चीज चिकटत नाही. उलट, मऊ चीज टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. गप्पा रंगल्या तर ताट उचलून न्या.

हलूमीबद्दल कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच बोलतो. सायप्रसचं हे चीज तयार करतानाच गरम निवळीत शिजवलेलं असतं, त्यामुळे तव्यावर वितळत नाही, खरपूस होतं. पीचच्या किंवा कलिंगडाच्या फोडीबरोबर फार छान. ओव्हनही लागत नाही. पण गार झालं की रबर. चौघांसाठी करा, दहांसाठी करत बसलात तर पुन्हा यजमान तव्यापाशी.

बाकी जोड्या जमवताना मी एवढंच बघतो: चीज जितकं खारट आणि मुरलेलं तितकं फळ गोड किंवा आटलेलं हवं, चीज जितकं ताजं आणि सौम्य तितकं फळ आंबट चालतं. स्पेनमध्ये मांचेगो चीजबरोबर क्विन्स या पेअरसारख्या फळाची घट्ट वडी देतात, ब्राझीलमध्ये पेरूची वडी आणि पांढरं ताजं चीज या जोडीला रोमिओ-ज्युलिएट म्हणतात. या दोन्हींत फळ शिजवून पाणी आटवलंय, म्हणून त्या ताटात तासभर बसल्या तरी ओघळत नाहीत. फळाची घट्ट वडी घरी असेल तर तिचे आणि चेडरचे सारख्या आकाराचे तुकडे एकावर एक ठेवा. इतकं सोपं की सांगायला लाज वाटते.

देखणेपणाचं म्हणाल तर तुकडे एका मापाचे आणि एका घासात मावतील असे, आणि ताट थोडं रिकामं. गच्च भरलेलं ताट लग्नाच्या पंगतीसारखं दिसतं. सगळीकडे पुदिन्याचं पान खोचू नका, ज्या पदार्थात पुदिना आहे तिथेच तो दिसू दे.

पाहुण्यांना आधी विचारून घ्यायच्या गोष्टी: अक्रोड-पिस्ते कुणाला वर्ज्य आहेत का, आणि कुणी काटेकोर शाकाहारी आहे का. पार्मिजानो रेज्जानो आणि गॉर्गोन्झोला ही दोन्ही चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या विकराने, विरजतात, तेव्हा शाकाहारींसाठी वेष्टनावर सूक्ष्मजीवजन्य किंवा शाकाहारी रेनेट लिहिलंय ते बघूनच ब्लू चीज निवडा. गरोदर बाई येणार असेल तर ब्री, कॅमेम्बेर आणि मऊ ब्लू चीज तिला देऊ नका, लिस्टेरिया या जंतूचा धोका असतो; चेडरसारखं कडक चीज किंवा पाश्चराइज्ड दुधाचं क्रीम चीज चालतं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं नकोत, उभी चिरून चार भाग करून द्या. वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही नको.

शनिवारचा क्रम असा ठेवा. शुक्रवारी रात्री खजूर भरा. शनिवारी सकाळी कलिंगड कापून निथळत ठेवा. घरात शिरल्या शिरल्या, चप्पल काढायच्या आधी म्हणालात तरी चालेल, ब्लू चीज बाहेर काढा. मिठाचं पाणी करून पेअरचे काप त्यात टाका. ते भिजताहेत तोवर खजुरांना अक्रोड लावून ताटात मांडा. मग काप टिपा, चीज लावा, अक्रोड ठेवा. कलिंगडाला बेल वाजेपर्यंत हात लावू नका.

आणि ब्लू चीज-पेअर उरलंच तर एकत्र कुस्करून रविवारी सकाळी भाजलेल्या पावावर लावा. मी तर त्यासाठी थोडं मुद्दाम उरवतो.