मनगटात सुया टोचून नसेच्या जुन्या दुखण्यात मेंदूवर खरंच काही परिणाम होतो का?

तुमची आई वेंगुर्ल्याला काजू फॅक्टरीत सोलायला जाते, कार्पल टनल (मनगटात नस दाबली जायचं दुखणं) निघालंय, रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि कोणीतरी अ‍ॅक्युपंक्चर करून बघा म्हणालं, तर ह्याने मेंदूत काही होतं की नुसता मनाचा खेळ, असं तुम्ही विचारलंय. मी कुडाळला खानावळ चालवते, रोजचे नारळ खवून खवून माझं उजवं मनगट असंच गेलेलं, त्यामुळे ह्यावर बरंच वाचलंय.

मनाचा खेळ म्हणून सोडून देऊ नका. मनगटात जी नस दाबली जाते, मीडियन नर्व्ह, तिच्याकडे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका असते, करंगळी नाही, आईला विचारून बघा करंगळीत मुंग्या येतात का. मेंदूत प्रत्येक बोटाची जागा वेगळी असते, शेजारीशेजारी, पण तर्जनी आणि मधल्या बोटातून महिनोन्महिने एकदमच मुंग्यांचे सिग्नल जात राहिले की त्या दोन जागा एकमेकींत मिसळायला लागतात. म्हणजे दुखणं सुरू झालं मनगटात, पण बिघडला मेंदूतला बोटांचा नकाशा पण. माझं तर असं व्हायचं की कुळीथ निवडताना चिमटीत खडा आलाय की कुळीथ हे बघितल्याशिवाय कळायचंच नाही.

आता मुद्द्याचं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विटाली नापाडोव यांच्या टीमने कार्पल टनलच्या ८० पेशंटवर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये 'ब्रेन' या जर्नलमध्ये आला. तीन गट केले, एकाला दुखऱ्या हातावरच सुया आणि हलका करंट, दुसऱ्याला विरुद्ध बाजूच्या घोट्यावर, तिसऱ्याला नुसत्या खोट्या, आत न जाणाऱ्या सुया, आणि ८ आठवड्यांत १६ वेळा बोलावलं. बरं तिन्ही गटांना वाटलं, खोट्यावाल्यांनाही! पण नसेतून सिग्नल जायचा वेग सुधारला तो खऱ्या सुयांच्या गटांतच, आणि मेंदूतल्या त्या दोन बोटांच्या जागाही परत एकमेकींपासून लांब झाल्या त्या खऱ्या सुयांनीच, आणि ज्यांच्या जास्त लांब झाल्या त्यांचा त्रास ३ महिन्यांनंतरही जास्त कमी राहिलेला. मला ह्यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, की बरं वाटणं वेगळं आणि नस सुधारणं वेगळं.

वेदना कमी होण्याचं एक कारण शरीरातलीच एंडॉर्फिनसारखी रसायनं, बीजिंगचे संशोधक हान जिशेंग यांनी दाखवलं की करंट सेकंदाला २ वेळा दिला तर एक प्रकारची सुटतात आणि १०० वेळा दिला तर दुसऱ्या प्रकारची. सुई आत गेल्यावर ती जरा फिरवतात तेव्हा टोचल्यासारखं नाही तर जड जड, आतून ओढल्यासारखं वाटतं, मला कोपरापर्यंत जायचं ते, आईला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही.

पण हे कार्पल टनलपुरतं. शुगरवाल्यांच्या पायाची आग वगैरे नसांच्या दुखण्यांत २०१७ च्याच कोक्रेन आढाव्यात (सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) पुरावा अपुरा निघाला, तेव्हा कोणी सगळ्यावर रामबाण म्हणत असेल तर तिथून उठा सरळ.

आईचं काय करायचं तर आधी एनसीव्ही टेस्ट करा, म्हणजे नसेतून सिग्नल किती वेगाने जातो त्याची तपासणी, आपल्या इकडची माणसं गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला जातात त्यासाठी, आणि सोबत शुगर, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या कारण मुंग्या त्यानेही येतात. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आजपासूनच बांधा, त्याला कोणाची वाट बघायला नको. सुया करायच्याच तर अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे, नोंदणी असलेलाच माणूस बघा, सुया दरवेळी नव्या पाकिटातल्या हव्यात, आणि काही महिन्यांनी एनसीव्ही परत करा, नुसतं "बरं वाटतंय" वर थांबू नका. आणि आईचा तळहात उजेडात धरून बघा, अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसला किंवा सोलताना काजू हातातून सुटायला लागले असतील तर सुया राहू देत, आधी सर्जनला दाखवा, तिथे उशीर केला तर गेलेली ताकद परत येईलच असं नसतं.