रेझिस्टंट कोण: रुग्ण, औषध की जंतू?

प्रश्न असा आहे: रुग्णाच्या नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहतात; त्या कल्चर-सेन्सिटिव्हिटीच्या रिपोर्टवर काही औषधांपुढे ‘रेझिस्टंट’ लिहिलेले असते, म्हणजे ते औषध चालत नाही. त्याला मराठीत ‘प्रतिकारक’ म्हणावे का? आणि हा प्रतिकार नक्की कोण करतो?

प्रतिकार जंतू करतो. ‘मला ते औषध रेझिस्टंट झालंय’ असे सर्रास ऐकू येते, पण रेझिस्टंट ना माणूस असतो ना औषध. म्हणूनच मला ‘प्रतिकारक’ नको वाटतो. रोगप्रतिकारशक्तीमुळे तो शब्द माणसाच्या शरीराला इतका चिकटला आहे की ‘प्रतिकारशक्ती वाढली’ म्हटले की बातमी चांगलीच वाटते.

पुस्तकी ‘प्रतिरोधी’ अर्थाने बरोबर आहे, पण प्रयोगशाळेत त्याचा घोळ होतो. डिस्क पद्धतीत म्युलर-हिंटन अगारच्या (जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) ताटलीवर जंतू सगळीकडे सारखे पसरतात, वर औषध भिजवलेल्या 6 मिमी व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात आणि ताटली 35 अंशांना 16 ते 18 तास उबवतात. सकाळी पाहावे तर जंतूंची दुधाळ साय धरलेली असते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ, मोकळे वर्तुळ. तिथे औषधाने जंतूंना वाढू दिलेले नाही. काही चकत्यांना मात्र साय अगदी कडेपर्यंत भिडलेली असते. त्या औषधाला तो जंतू रेझिस्टंट.

आता त्या मोकळ्या वर्तुळाला काही जण ‘प्रतिरोध क्षेत्र’ म्हणतात. म्हणजे प्रतिरोध क्षेत्र मोठे, तर जंतू प्रतिरोधी नाही! नवा विद्यार्थी इथे हमखास उलटे वाचतो. ‘किमान रोधक संहती’ (जंतूंची वाढ थांबवणारे औषधाचे सर्वांत कमी प्रमाण) म्हणतानाही रोध औषधच करते, तेही जंतूंचा. एकाच कागदावर रोध करणारे दोघे झाले. (निव्वळ वर्तुळांचे आकार पाहून दोन औषधांची तुलना करू नये, हेही जाता जाता सांगतो. प्रत्येक औषधाचे मोजमाप वेगळे असते.)

मराठीत यासाठी नेमका प्रयोग आहे: दाद न देणे. ‘जंतू या औषधाला दाद देत नाही.’ कर्ता कोण, कोणाला, सगळे वाक्यातच आले. फारसीत ‘दाद’ म्हणजे न्याय, त्यावरून आपण दाद मागतो. पण ‘दुखणे औषधाला दाद देईना’ हा वापर पूर्णपणे आपला आहे. ‘सेन्सिटिव्ह’चे ‘संवेदनशील’ करण्यापेक्षा ‘दाद देणारा’ म्हणावे. रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ आणि ‘रेझिस्टंट’ यांच्या मधल्या ‘आय’ या खुणेलाही हा प्रयोग पुरतो: या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या युकास्ट या युरोपीय समितीने 2019 पासून तिचा अर्थ ‘औषध जास्त प्रमाणात पोहोचले तर लागू पडेल’ असा केला आहे, म्हणजेच वाढीव मात्रेला दाद देणारा.

एका ठिकाणी मात्र मी ‘प्रतिरोध’च ठेवीन. पीसीआर या जनुके शोधणाऱ्या चाचणीत मेक-ए सारखे (मेथिसिलिन या औषधाला दाद न देण्याशी जोडलेले) जनुक सापडते, तेव्हा जंतूचे वागणे कोणी पाहिलेले नसते, फक्त त्याच्याजवळ काय आहे ते कळते. तिथे ‘प्रतिरोधाचे जनुक आढळले’ एवढेच लिहावे.