पेटी आधी कुणाची उघडायची?

“मॅडम, मी पैसे घेतले नव्हते हे कळलं सगळ्यांना. पण पुढच्या वेळी काही हरवलं तर परत माझीच पेटी आधी उघडणार ना?”

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत हे विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ती पारधी समाजातली, घरातून वसतिगृहात आलेली पहिलीच. सहा जणींची खोली. एकीचे २,३०० रुपये सापडेनात, तेव्हा रेक्टर मॅडमनी सरळ हिची पेटी उघडायला लावली. पैसे तिसऱ्या दिवशी मिळाले, जिचे होते तिच्याच धुवायला टाकलेल्या एप्रनच्या खिशात. कुणी काही बोललं नाही. विषय मिटला, असं सगळ्यांनी धरलं.

हिच्यासाठी तो मिटला नाही. खोलीत एकटी असली की ती व्हरांड्यात येऊन उभी राहायची. खाली पडलेलं दुसरीचं पेन उचलायची नाही. साबणाच्या वडीचंसुद्धा बिल जपून ठेवायची. झोप चार तासांवर आली होती. अशा वेळी झोप, भूक आणि जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचे विचार, या तिन्हींबद्दल पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारायचं असतं. तसे विचार नव्हते. असते तर पुढचं सगळं थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञ.

घरून आणि शिक्षकांकडून तिला सल्ला मिळाला होता: लक्ष देऊ नकोस, चांगलं वागून दाखव. सल्ला मायेचा, पण त्यात एक खोट आहे. चांगल्या वागण्याचा पुरावा जमा होतो तो तिच्या एकटीच्या खात्यावर, समाजाच्या नाही. खोलीतली एक मैत्रीण तिला म्हणालीच होती, “तू त्यांच्यातली वाटतच नाहीस.” म्हणजे हिला अपवाद ठरवलं की शिक्का जागच्या जागी शाबूत. आणि अपवादाची मुदत फार थोडी असते, पुढचे पैसे हरवेपर्यंतची.

म्हणून आधी वही. दोन आठवडे, चार रकाने: काय घडलं (कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच), मनात काय आलं, मी काय केलं, त्यात माझं काय गेलं. बऱ्याच नोंदी कुणीही न मागितलेल्या खबरदारीच्या निघाल्या. इथे समुपदेशक हमखास चुकतो: “बघ, हे तुझ्या मनातच आहे” असं म्हणून बसतो. ते मनात नव्हतं, पेटी खरंच उघडली होती. म्हणून खबरदारीची वाटणी तिच्याकडूनच करून घेतली. पैशांच्या देवघेवीची चिठ्ठी ठेवणं कामाचं, ते राहू दे. खोलीत एकटं न बसणं महागात पडत होतं, अभ्यास बुडत होता. ते टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरलं: पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग वीस, मग इतरांच्या वस्तू टेबलावर असताना अर्धा तास.

सोबत एक वाक्य तयार केलं: “माझी पेटी उघडायची असेल तर सगळ्यांच्या उघडा, मी माझी स्वतः उघडीन.” वाक्य सोपं आहे, पण पहिल्या चार वेळा ते तिच्या तोंडून माफी मागितल्यासारखं आलं. उभं राहून, दारातून, पाठीमागे आवाज असताना, असं म्हणून म्हणून घटवावं लागतं. बसल्या जागी पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी घशात अडकतं.

मुलीची लेखी संमती घेऊन मग रेक्टर मॅडमशी बोलणं झालं. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: “माझ्या मनात तसं काही नाही हो.” या वाक्याशी वाद घालू नये. मनात काय आहे ते त्यांनाही पुरतं दिसत नाही. पेटी पहिली कुणाची उघडली, ते मात्र दिसतं. त्या सवयीचा इतिहास त्यांना ठाऊक नव्हता. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. त्यांत पुढे पारधीही आले. चोरी झाली की आधी हजेरी घ्यायची ती त्यांची. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे या जमातींना ठेवायची बंदिस्त वसाहत, होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून हा दिवस ‘विमुक्त दिन’. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला, आणि हजेरीची नजर ठाण्यातून गावात, गावातून वसतिगृहात तशीच चालत राहिली. मॅडम दुष्ट नव्हत्या. घाईत होत्या, आणि घाईत हात सवयीच्या पेटीकडे जातो.

तेव्हा नियम लिहून काढला. पहिले २४ तास जिची वस्तू तिनेच शोधायची: गादी, पिशव्या, एप्रन, धुण्याची बादली. मग नाव न घेता सूचना. तरीही झडती घ्यायची वेळ आली तर अख्ख्या खोलीची, क्रम चिठ्ठ्या टाकून, दोन साक्षीदारांसमोर, पेटी मालकिणीने स्वतः उघडायची. आणि शेवटचं, जे सगळीकडे राहून जातं: संशय जितक्या कानांपर्यंत गेला, तितक्याच कानांपर्यंत “वस्तू अमुक ठिकाणी सापडली” हे पोहोचवायचं.

मध्येच घोटाळा झाला. उत्साहाच्या भरात रेक्टर मॅडमनी सगळ्या मुलींना प्रार्थनेच्या हॉलमध्ये बसवलं, “मनात असले विचारच आणू नका” म्हणून भाषण केलं आणि हिला उभं केलं. दोन आठवड्यांची मेहनत वाया. विचार दाबायला सांगणं तसंही उलटतं. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ नील मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी काही जणांना एका स्किनहेड तरुणाचा, म्हणजे दांडगट समजल्या जाणाऱ्या मुंडण केलेल्या मुलाचा, फोटो दाखवून त्याच्या दिवसाबद्दल लिहायला सांगितलं. अर्ध्यांना बजावलं की ठोकळेबाज कल्पना टाळा. त्यांनी त्या वेळी टाळल्या, पण पुढच्या लिखाणात त्या इतरांपेक्षा जास्त उसळून आल्या. दुसऱ्या प्रयोगात प्रत्यक्ष भेटीची वेळ आली, तेव्हा असं बजावलेले लोक तो बसणार होता त्या खुर्चीपासून लांबही बसले.

खोलीतल्या मुलींसाठी भाषणाऐवजी काम लागतं. नुसतं एकत्र राहून भागत नाही. त्या आठ महिने एकाच खोलीत होत्याच की. एकत्र येण्यातून पूर्वग्रह कमी व्हायला काय लागतं, याच्या मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या अटी आजही उपयोगी पडतात: दर्जा सारखा, उद्दिष्ट एक, एकमेकांवाचून अडणारं काम, आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होईना. तोच धागा इथे घेतला. गावभेटीच्या सर्वेक्षणात चौघींचा गट: एकीकडे लसीकरण, एकीकडे पाणी, एकीकडे बाळंतिणी, एकीकडे आहार, अहवाल मात्र एकच. पालांवर बायकांशी बोलायचं कसं, हे हिला येत होतं, इतरांना नाही. पण बाळंतिणींचा भाग तिला मुद्दाम दिला नाही. ‘त्यांच्यातली’ म्हणून ‘त्यांचं’ काम, हा त्याच शिक्क्याचा गोड अवतार. भाग चिठ्ठ्यांनी वाटले. तिच्याकडे पाणी आलं.

चौथ्या भेटीत तिने मोठा प्रश्न काढला: समाजाच्या डोक्यातून हे कधी जाईल का? खोटा दिलासा देऊ नये, आणि “कधीच नाही” हेही खरं नाही. मानसशास्त्रज्ञ टेसा चार्ल्सवर्थ आणि महजरीन बानाजी यांनी २००७ ते २०१६ या काळातल्या, मुख्यतः अमेरिकी लोकांच्या, पूर्वग्रह मोजणाऱ्या ४४ लाख चाचण्या तपासल्या. समलिंगी लोकांबद्दलचा नकळतचा पूर्वग्रह सुमारे एक तृतीयांशाने उतरला होता, काळ्या-गोऱ्या वंशाबद्दलचा सुमारे १७ टक्क्यांनी. वय आणि अपंगत्वाबद्दलचा जवळपास होता तसाच, जाडेपणाबद्दलचा तर किंचित वाढलेला. म्हणजे हलतं, पण सगळीकडे नाही, आणि आपोआप तर नाहीच. हे आकडे ऐकून ती म्हणाली, “आमच्याबद्दल कुणी मोजलंय का?” तिच्या प्रश्नाला या आकड्यांत उत्तर नव्हतं, आणि तिला तसंच सांगितलं. उरलेला वेळ आपल्या वसतिगृहात काय मोजता येईल यावर गेला: कुणाची पेटी कितव्यांदा उघडली, याची नोंदवही.

पुढच्या सत्रात एकीचे इअरफोन हरवले. २४ तास गेले, सूचना लागली, चिठ्ठ्या पडल्या. पहिली चिठ्ठी हिचीच निघाली.

“पोटात गोळा आला,” ती सांगत होती. “उघडली मी. मग बाकीच्या पाचही उघडल्या, मॅडम. एकीनं तर कुलपाची किल्लीच हरवली होती. सगळे तिच्याचसाठी थांबलो अर्धा तास.”