ऑपेरातल्या एकाच गाण्यात पात्राच्या बदलत्या भावना कशा दाखवतात? शब्द न कळता ते समजतं का?

समजतं. मी जळगावात गाणं शिकवते, आणि इटालियनचा गंध नसलेल्या मुलींना हे ऐकवते, म्हणून खात्रीने सांगते. फक्त गायकाच्या आधी साथीकडे कान द्या.

इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो' या ऑपेरातली (१८५१) दुसऱ्या अंकातली 'कोर्तिजानी' ही आरिया, म्हणजे एकट्या पात्राचं गाणं, घ्या. रिगोलेत्तो हा मांटुआच्या ड्यूकचा विदूषक. दरबाऱ्यांनी त्याची मुलगी पळवून आणलीय. तिचा पत्ता लागावा म्हणून तो आधी बेफिकीर असल्यासारखा 'ला रा, ला रा' गुणगुणत येतो. ती आत ड्यूककडेच आहे हे कळताच दाराकडे धावतो, आणि ते त्याला अडवतात. तिथे आरिया सुरू होते.

आधी सी मायनर (मायनर म्हणजे उदास छटेची स्वरपट्टी), खाली तंतुवाद्यांची नुसती धावपळ, वर बॅरिटोन, म्हणजे पुरुषाच्या मध्यम-भारदस्त आवाजात शिव्याशाप. मग अंगातलं बळ सरतं. एफ मायनर ही दुसरी मायनर पट्टी येते, धावपळ थांबते, ओळी मध्येच तुटायला लागतात. मारुल्लो नावाच्या दरबाऱ्याला तो नाव घेऊन विनवतो. इथे वर्गातली एक मुलगी आपणहून म्हणाली, "आते हाऊ रडी ऱ्हायना" (आता हा रडतोय). अर्थ तिला कुणीच सांगितला नव्हता.

शेवटी तो सगळ्यांचीच माफी मागतो, दयेची भीक मागतो. आणि नेमका तिथे डी फ्लॅट मेजर लागतो, म्हणजे साधारण आपला बिलावल थाट! साथीला एकट्या चेलोची (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य) अखंड लहर, जोडीला इंग्लिश हॉर्न हे फुंकून वाजवायचं वाद्य. इतक्या लाचार क्षणाला इतकी लांब, सुंदर चाल दिलीय की मला दर वेळी भरून येतं. त्या काळच्या इटालियन ऑपेरात मोठ्या आरियाचा रिवाज संथ भाग आधी आणि जलद, जोशाचा भाग शेवटी असा होता. व्हेर्दीने तो उलटा फिरवला. त्यामुळे संताप ओसरला की खाली घाबरलेला बाप उरतो, आणि हे चालच सांगते.

आपल्या ख्यालात एका रागात राहून भाव खोल करत नेतात, म्हणून मधेच स्वरांचा पायाच बदलणं सुरुवातीला खटकेल. डफावरचं आपलं खान्देशी वहीगायन ऐकलं असेल तर कथेतल्या प्रसंगाबरोबर चाल फिरणं ओळखीचं वाटेल.

इटालियन गायक तितो गोब्बीचं १९५५चं ध्वनिमुद्रण मिळालं तर तेच आधी ऐका. पहिल्या वेळी काही वाचू नका, दुसऱ्यांदा भाषांतर समोर ठेवा.