‘क्लायमेट’ची पदवी घ्यावी का?

प्रश्न : यावल तालुक्यात आमची केळी आहे, चार म्हशी आहेत. मुलगी बारावी विज्ञानाला असून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. हवामानबदलाचा शेतीवर काय परिणाम होतो, यातच तिला पुढे जायचंय. एका खासगी संस्थेत ‘क्लायमेट मॅनेजमेंट’ची पदवी आहे, फी जबर आहे. घ्यावी का?
– एक पालक

उत्तर : घेऊ नका. ‘हवामानबदल तज्ज्ञ’ अशी जागा क्वचितच निघते आणि निघाली तरी मूळ पदवी कृषी, पशुवैद्यक, भूशास्त्र नाहीतर रसायनशास्त्राची मागतात. आधी यातलं एक पक्कं करायचं, हवामान त्यावर शिकता येतं.

तिच्यासाठी मी पाण्याचा अभ्यास सुचवेन, आणि कारण तुमच्याच शिवारात आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा वाळू-गोट्यांचा बझाडा पट्टा पाऊस सावकाश पडला तर पाणी पोटात घेतो. हवामान बदलून तोच पाऊस चार दिवसांत कोसळला की पाणी नाल्यांनी तापीला जातं. मग बोअर खोल जातात, आणि खोलवरच्या पाण्यात बहुतेकदा क्षार जास्त. केळीला क्षार सोसत नाहीत, पानांच्या कडा करपतात. तसंच लक्षण पालाशच्या कमतरतेतही दिसतं, म्हणून पाणी न तपासता म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइड असलेलं पालाशचं खत टाकलं जातं आणि क्लोराइड आणखी वाढतं! युरियानंतर जोराचा पाऊस झाला की नायट्रेट झिरपून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. प्रमाण फार वाढलं तर म्हशीच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते.

मुलीला हे काम मानवतं का, ते घरच्या विहिरीवरच कळेल. पेनासारखा ईसी मीटर घ्या, तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून क्षार दाखवतो. १४१३ मायक्रोसीमेन्स (वाहकतेचं एकक) असलेल्या तयार प्रमाण द्रावणात तो जुळवून घ्यायचा. हे टाळलं तर वर्षभराचे आकडे फुकट. पंप दहा मिनिटं चालवायचा, नाहीतर पाइपात साचलेलंच पाणी मोजलं जातं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरायची. थंड पेयाची जुनी बाटली नको. नायट्रेटचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, कारण उन्हात जिवाणू आकडा बदलून टाकतात. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही नोंदी हव्यात. दर वेळी पाण्याची पातळीही लिहायची.

हे आवडलं तर बीएस्सी, मग एमएस्सी भूशास्त्र किंवा रसायनशास्त्र. पुढे यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा देऊन केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही आहे. यंत्रं आणि बांधबंदिस्ती आवडत असेल तर राहुरीला कृषी अभियांत्रिकी आहे, त्याला गणित लागतं. बीएस्सी कृषी धुळ्यालाही होते, पण तिथे गर्दी फार. पशुवैद्यकाला ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं जातात. चार म्हशी आहेत म्हणून तिकडे लोटू नका.

सीईटीचा अर्ज पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (जीवशास्त्राचा) दोन्ही गटांतून भरा. गणित आत्ता सोडलं तर अभियांत्रिकीची वाट बंद होते.