मंजूर कर्ज आणि परवडणारं घर

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. बँक ३६ लाखांपर्यंत कर्ज द्यायला तयार आहे, म्हणून तुम्ही दोघं ४५ लाखांची घरं बघताय. बँकेनं हिशोब चुकवलेला नाही, पण तो तिच्या सोयीचा आहे. तुमच्या हातात येणाऱ्या ८०,००० चे निम्मे म्हणजे ४०,०००, त्यातून गाडीच्या कर्जाचा ७,००० चा हप्ता वजा केला की राहिले ३३,०००. सगळे हप्त्यात जातील असं धरून तिनं आकडा काढला. बाकीच्या पैशात तुमचं भागतं की नाही, हे तिनं विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

हिशोब उलटीकडून करू. आधी हप्ता, मग कर्ज, आणि सगळ्यात शेवटी घर.

सुरुवात हातात पडणाऱ्या पैशापासून. पगारपत्रकावरचा वरचा आकडा नको. बोनस, ओव्हरटाइम, पुढच्या वर्षीची पगारवाढही नको. ८०,००० चे ३० टक्के म्हणजे २४,००० घरावर खर्च करायचे. हा ठोकताळा आहे, पण अंगावर दुसरं कर्ज असताना त्याच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. हे २४,००० सगळे हप्त्याचे नाहीत. मालमत्ता कर, सोसायटीचा देखभाल खर्च, विमा, आणि दुरुस्तीसाठी वर्षाला किमतीच्या साधारण १ टक्का, असे महिना ४,००० बाजूला काढ. नव्या घराला कसली दुरुस्ती, असं वाटतं खरं; पण पंप, गळती आणि रंग तुझ्या सोयीनं येत नाहीत. हप्त्याला उरले २०,०००.

आता एक आकडा पाठच करून टाक: ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत, तर दर लाखाला हप्ता ९००. २०,००० भागिले ९००, म्हणजे २२ लाख कर्ज. बँकेचे ३६ आणि हे २२, यांतला फरक म्हणजे तुमचं महिन्याचं जगणं.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि फसतात, कारण मिळकतीपेक्षा शिल्लक आधी संपते. तुमच्याकडे ११ लाख साठलेत. त्यातले ४ लाख अडीनडीसाठी, म्हणजे हप्त्यांसकट सहा महिन्यांचा खर्च. त्यांना हात लावायचा नाही. राहिले ७. बँक किमतीच्या ८० टक्के देणार असेल, तर २० टक्के तुमचे. त्यावर नोंदणी, सरकारी शुल्क, वकील, सामान हलवणं, पडदे, दिवे, स्वयंपाकघराचे ओटे-कपाटं, याला आणखी किमान १० टक्के धर. म्हणजे किमतीच्या ३० टक्के खिशातून. ७ लाख हे ३० टक्के असतील, तर घर २३ लाखांच्या आसपासचं. कर्ज साडेअठरा लाखांच्या थोडं वर, हप्ता १६,८००, वरचे ४,००० धरून २०,८००.

४५ लाखांच्या घराला हेच ३० टक्के साडेतेरा लाख होतात. अडीनडीचे ४ लाख घातले तरी अडीच लाख कमी पडतात, आणि मग कुणीतरी वैयक्तिक कर्ज सुचवतं. ते घेऊ नकोस. त्याचा दर जास्त, मुदत कमी, म्हणजे हप्ता जड. शिवाय तो घराच्या हप्त्यासोबत पहिल्या महिन्यापासूनच सुरू होतो.

दोन मिळकतींवर घेतलेल्या घराची एका मिळकतीवर चाचणी घे. मोठा पगार ५२,००० चा. घराचे २०,८०० आणि गाडीचे ७,००० गेले की उरले २४,२००. तुमचा घरखर्च ३८,०००. महिन्याला १३,८०० कमी पडतील, पण ४ लाखांवर दोन वर्षांहून जास्त निघतील. बाळंतपण असो वा आजारपण, तेवढी उसंत पुरते. ४५ लाखांच्या घरात हप्ता ३२,४०० आणि वरखर्च ७,०००. गाडीचा हप्ता गेला की ५२ हजारांतले ५,६०० उरतील, आणि अडीनडीचे ४ लाख तर घरातच गेलेले असतील.

व्याजदराकडे विशेष लक्ष दे. पहिल्या ९०० च्या हप्त्यात ७५० व्याज असतं, मुद्दल फक्त १५०. दर बदलता असेल आणि तो सुरुवातीलाच ९ वरून १० टक्के झाला, तर बँक बहुधा हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवते: २४० महिन्यांचे साधारण ३१४. खिशाला काही जाणवत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. ११ टक्के झाला, तर महिन्याचं व्याजच ९१७ होतं. ९०० भरून मुद्दल वाढतच जाईल, त्यामुळे हप्ता वाढवावाच लागतो. घेतानाच २ टक्के जास्त दरानं, म्हणजे लाखाला १,०३२ नं, हिशोब करून बघ. तोही २०,००० च्या आत बसला पाहिजे. २३ लाखांच्या घरात तो १९,२०० च्या आसपास जातो, बसतो.

हप्ता हलका व्हावा म्हणून ३० वर्षांची मुदत घ्यायचा मोह होईल. हप्ता लाखाला ८०५ होतो, जेमतेम ९५ ची बचत. एकूण व्याज मात्र लाखामागे १.१६ लाखांवरून १.९० लाखांवर. उलट, वर्षाला एक जादा हप्ता भरलास, तर २० वर्षांचं कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी फिटतं. बोनस त्यासाठी ठेव.

बांधकाम चालू असलेलं घर बघत असाल, तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही भरावे लागतील. ताबा लांबतो, हे धरूनच चाल.

सही करण्याआधी सहा महिने तालीम करा. सध्याचं भाडं १५,०००. नव्या घराचे २०,८००, म्हणजे फरक ५,८००. पगार होईल त्याच दिवशी तेवढे नेहमीच्या बचतीतून काढून वेगळ्या खात्यात टाका. ४५ लाखांचं अजून मनात असेल, तर टाकायची रक्कम २४,४०० आहे, आणि तुमची आजची बचत २०,०००. कितव्या महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, ते मला कळव.