नाशिकमध्ये गाडी न घेता फक्त शहर बसवर रोजचं जाणं-येणं जमेल का?

तुमची बदली नाशिकला झाली आहे, काम सातपूर एमआयडीसीत आहे, घर इंदिरानगर किंवा सिडकोत बघताय, सोबत आई येणार आहेत आणि दुचाकी घ्यावीच लागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर असं की नाही घेतली तरी चालेल, पण घर कुठे घेता त्यावर सगळं आहे. त्यामुळे अनामत रक्कम देण्याआधी एवढं वाचा.

मी सिडकोत पवननगरला राहते, काम शालिमारला. आमच्या घरात एकच स्कूटर, ती मिस्टर अंबडला नेतात, त्यामुळे माझं सगळं बसवर. आधी इथली शहर बस एसटी चालवायची. 8 जुलै 2021 पासून महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. योजनाच मुळी 250 गाड्यांची होती, 200 सीएनजीवरच्या आणि 50 डिझेलच्या. डेपो दोन, तपोवन आणि नाशिकरोड.

नवीन माणूस येतो तो मोबाईलमध्ये थेट गाडी शोधत बसतो, मिळाली नाही की ‘नाशिकला बसच नाही’ म्हणतो. तसं नाहीये. इथल्या गाड्या काही मोजक्या ठिकाणी येऊन मिळतात. पंचवटीत निमाणी, गावात शालिमार आणि सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, आणि तिकडे नाशिकरोडला रेल्वे स्टेशनच्या बाहेरचा स्टँड. म्हसरूळ, मेरी, आडगाव, मखमलाबाद असं गोदावरीपलीकडे कुठेही जायचं तर निमाणी धरा. सिडको, सातपूर, गंगापूर रोड, इंदिरानगर यांच्यासाठी शालिमार-सीबीएस. देवळाली कॅम्प, भगूरसाठी नाशिकरोड. गाडीचे नंबर पाठ करू नका, गाडी कुठे बदलायची ते पाठ करा. नंबर आपोआप तोंडात बसतात.

आता तुमच्या घराचं. गावात येणारे रस्ते बसला चांगले आहेत. नाशिकरोडहून बिटको, दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर, द्वारका करत गावात येणारा रस्ता तर उत्तमच, एक गाडी गेली तर दुसरीची वाट बघायला जीव घाबरत नाही. सातपूर ज्यावर आहे त्या त्र्यंबक रोडचंही तसंच. अडचण येते आडवं जाताना. इंदिरानगर ते सातपूर नकाशावर जवळ दिसतं, पण बसने तुम्हाला आधी गावात यावं लागेल, सीबीएसला उतरून त्र्यंबक रोडची गाडी धरावी लागेल. रोज दोन वेळा हे करायचं म्हणजे पहिल्या पावसाळ्यातच तुम्ही दुचाकी बुक कराल. म्हणून माझं मत विचाराल तर इंदिरानगर नको. सिडकोच घ्यायचं असेल तर त्रिमूर्ती चौकाच्या बाजूचं बघा, तिथून खुटवडनगरमार्गे आयटीआय सिग्नलला निघता येतं. बस नाही मिळाली तरी रिक्षाचं अंतर आहे आणि सिग्नलवर पोचलात की सातपूरची गाडी समोरच. त्याहून सोयीचं म्हणजे त्र्यंबक रोडलाच किंवा सीबीएसच्या आसपास घर. भाडं थोडं जास्त पडेल, पण त्यात पेट्रोल आणि हप्ता नाहीये हे धरून हिशोब करा.

सीबीएसवरून गोंधळ होतो, तो सांगून ठेवते. जुनं सीबीएस वेगळं. नवीन सीबीएस म्हणजे ठक्कर बाजार, त्याला लागूनच मेळा स्टँड. ही तिन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण महामार्ग स्टँड मुंबई नाक्याला आहे, तो या तिघांच्या जवळ नाही. बाहेरगावची एसटी पकडायची असेल तर ‘स्टँडला जायचंय’ एवढंच कंडक्टरला सांगू नका, कुठल्या स्टँडला ते सांगा. आणि गाडी बदलायला शक्यतो द्वारकेला उतरू नका. मुंबई-आग्रा आणि पुण्याचा असे दोन मोठे रस्ते तिथे मिळतात, एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जाताना गाड्यांच्या मधून जीव मुठीत धरून जावं लागतं. आई बरोबर असतील तर नकोच. दोन थांबे पुढे गेलं तरी चालेल, शालिमारला उतरा.

आईंबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय, तेही सांगते. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. डोळे तपासायला त्यांना त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला न्यायचं होतं. शालिमारला गाडी आली तेव्हा आम्ही थांब्यापासून वीसेक पावलं मागे होतो. मला वाटलं गेली आता. कंडक्टर दारात उभा होता, त्याने बेल दिलीच नाही. सासूबाईंनी आधी काठी वर दिली, मग दांडी धरली, मग एक पाय, मग दुसरा. मागे हॉर्न वाजायला लागले तरी तो म्हणाला, ‘सावकाश आजी, गाडी कुठं पळत नाही.’ मग पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलाला नुसतं हाताने खुणावलं, तो उठला. सासूबाई बसल्याची खात्री करून मगच बेल दिली. प्रत्येक वेळी असंच होतं असं मी म्हणणार नाही, घाईतले ड्रायव्हरही भेटतात. पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन बसने जायचं तर सकाळी अकरा ते चारमध्ये जा. पायरी चढायला वेळ मिळतो आणि बसायला जागा. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी कंपन्या सुटतात त्या वेळी ते जमत नाही.

तुमच्या आई कधीतरी त्र्यंबकेश्वरला जायचं म्हणतीलच, सगळ्यांच्याच आई म्हणतात. नाशिकपासून अठ्ठावीस किलोमीटर. या रस्त्यावर एसटीही आहे आणि सिटीलिंकही. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर एसटी फुकटच. ही सवलत एसटीची आहे, शहर बसला धरू नका. त्यामुळे आईंना घेऊन जाताना एसटी स्वस्त पडेल, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. श्रावणी सोमवारी मात्र दोन्हींना तुडुंब गर्दी, तो दिवस सोडून जा.

सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची असेल तर बसवर विसंबू नका. गावातून नाशिकरोड स्टेशन नऊ-दहा किलोमीटर आहे आणि गाडी सातच्या सुमाराला येते. त्या दिवशी रिक्षा ठरवा, तीही आदल्या रात्री. रात्रीचंही तसंच, नऊनंतर मुख्य रस्ते सोडले तर वाट बघण्यात अर्थ नाही, शेअर रिक्षाच कामाला येते. सेकंड शिफ्ट लागली तर कंपनीची बस आहे का ते आधीच विचारून घ्या.

सिटीलिंकचं ॲप घ्या, गाडी कुठवर आली ते त्यात दिसतं. पास काढा, रोजचे सुट्टे शोधायचा त्रास वाचतो. विसर्जनाच्या दिवशी जुन्या नाशकातून गाड्या जात नाहीत, रविवार कारंजा आणि होळकर पुलावरून नेहमी जाणारी गाडी भलतीकडून जाते, तेव्हा चढतानाच विचारा. 2027 च्या सिंहस्थाची कामं आहेत, त्यामुळे आज पाठ केलेला रस्ता सहा महिन्यांनी तसाच असेल असं धरून चालू नका.

आणि घर बघायला रविवारी येऊ नका. रविवारी नाशिक मोकळं असतं, सगळंच जवळ वाटतं. कामाच्या दिवशी या, संध्याकाळी साडेसहाला सातपूरहून बसा, बघितलेल्या घराच्या दारापर्यंत जा आणि घड्याळ लावून मोजा. पाऊण तासाच्या आत पोचलात तर घर घ्या.